रक्त वाहते कसे, अडते कुठे?

थंडी पडली की विदर्भातल्या कितीतरी घरांत एक गोष्ट ठरलेली असते. रात्री दोन-अडीचला पोरगी उठून बसते. "माय, पाय लय दुखून राह्यले," म्हणते. माय तेल गरम करून चोळते. आजी म्हणते, "दिवसभर उंडारते, दुखन नाही तं काय होईन?" सकाळी शाळा बुडते. मास्तर म्हणतात, पोरगी बहाणे करते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कोणी बाहेरचे पाहायला सांगतो, कोणी गंडा-दोरा बांधून देतो. दुखणे काही जात नाही.

पोरगी बहाणे करत नाही. तिच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त अडलेले असते. ते का अडले, थंडीतच का अडले आणि आपण काय केले असते तर अडले नसते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यासाठी रक्त शरीरात कसे वाहते याचे साधे नियम समजून घ्यावे लागतील. दहावीच्या विज्ञानापलीकडचे त्यात काही नाही. या नियमांच्या आधारे आज आपण सिकलसेल या आजाराची ओळख करून घेऊ.

एक पंप आणि बंद वाट

रक्त शरीरात गोल फिरते, हे माणसाला फार उशिरा कळले. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने ते हिशेबाने दाखवले. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलते आणि तासाला किती ठोके पडतात, याचा त्याने गुणाकार केला. उत्तर इतके मोठे आले की शरीर दर तासाला तेवढे नवे रक्त तयार करणे शक्यच नव्हते. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. धमन्यांतले रक्त शिरांत जाते कुठून, हे मात्र त्याला दिसले नाही. १६६१ साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा सापडला. त्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो. सिकलसेलचे बरेचसे दुखणे याच भागात घडते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले पाच लिटर. म्हणजे आरामात बसलेल्या माणसाचे अख्खे रक्त मिनिटाभरात एक फेरी मारते.

ते वाहते दाबाच्या फरकामुळे. टाकी उंचावर आणि नळ खाली, म्हणून पाणी येते. तसेच महाधमनीत सरासरी दाब पाऱ्याच्या ९० ते १०० मिलिमीटरइतका असतो. केशवाहिनीच्या तोंडाशी तो ३५ च्या आसपास उतरतो आणि रक्त हृदयाकडे परत येईपर्यंत जवळजवळ शून्यावर येतो. हा उतार आहे म्हणून प्रवाह आहे.

नळी थोडी आकसली तर

दाब असूनही पाणी किती येईल हे नळीवर ठरते. फ्रान्समधल्या पोआझय नावाच्या डॉक्टरला रक्ताच्या प्रवाहाचे कोडे सोडवायचे होते. त्याने काचेच्या अतिबारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे केली आणि १८४० च्या दशकात एक नियम मांडला. नळी लांब असली तर प्रवाह कमी, द्रव घट्ट असला तर प्रवाह कमी, हे आपल्यालाही सुचले असते. पण नळीच्या जाडीचा परिणाम थक्क करणारा निघाला. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो.

याचा अर्थ असा. दाब तेवढाच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या फक्त दहा टक्क्यांनी घटली तरी प्रवाह एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो.

आता थंडीचा विचार करा. अंगाला गार वारा लागला, थंड पाण्यात हातपाय बुडाले की शरीर आतली ऊब राखण्यासाठी कातडीकडच्या आणि हातापायांकडच्या लहान धमन्या आवळून घेते. सगळ्यांचेच शरीर हे करते. निरोगी माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. पण ज्याच्या रक्तात आधीच अडथळा आहे, त्याला ही थोडीशी आकसलेली नळी महागात पडते. पहाटेच्या थंडीत पोरगी का कण्हते, याचे पहिले उत्तर इथे आहे.

पाट आणि बांध्या

धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. पाटातून पाणी जोरात येते. तेच पाणी शेकडो बांध्यांत पसरले की हळू सरकते. पाणी तेवढेच, पण वाट रुंद झाली म्हणून वेग घटला.

रक्ताचे तसेच आहे. महाधमनी साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची. तिच्यातून रक्त सरासरी सेकंदाला १५ ते २० सेंटिमीटर वेगाने जाते. पुढे तिला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या, आणि शेवटी अब्जावधी केशवाहिन्या. एकेक केशवाहिनी अतिबारीक, पण सगळ्यांची तोंडे मिळून होणारी रुंदी महाधमनीच्या शेकडो पट भरते. म्हणून तिथे वेग सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. हा संथपणा कामाचा आहे. केशवाहिनी एखाद्या मिलिमीटरचीच असते. ती ओलांडायला रक्तपेशीला एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती प्राणवायू उतरवून देते. हे एक-दोन सेकंद लक्षात ठेवा.

आठाची पेशी, पाचाची वाट

रक्त म्हणजे नुसते लाल पाणी नाही. त्याच्या आकारमानाचा ४० ते ४५ टक्के भाग पेशींचा असतो. म्हणून रक्त पाण्याच्या तीन-चार पट घट्ट वाहते. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केशवाहिनी पाच ते दहा मायक्रॉनची. म्हणजे पुष्कळ ठिकाणी पेशी मोठी आणि वाट लहान!

तरी ती जाते, कारण ती मऊ आहे. दोन्ही बाजूंनी दबलेल्या थैलीसारखी ती दुमडते, लांबट होते आणि एकामागे एक अशा रांगेत पेशी सरकतात. कडेला पातळ द्रवाचा थर वंगणासारखा राहतो. १९३१ साली स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की रक्त बारीक नळीत गेले की उलट पातळ असल्यासारखे वाहते. ही सोय पेशीच्या मऊपणामुळेच आहे. पेशी कडक झाली की सोय संपली.

माळेतला सहावा मणी

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहून त्यांची नोंद छापली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष असल्याची नोंद झाली. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून सिकलसेल.

पेशी वाकते का? तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. त्याची एक साखळी १४६ मण्यांची असते. सिकलसेलमध्ये तिचा फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढ्या फरकाने एक गोष्ट होते. प्राणवायू सोडला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून पेशीच्या आत लांब काड्या बनवते. काड्यांनी भरलेली थैली दुमडेल कशी? ती ताठ होते, वाकडी होते, केशवाहिनीच्या वळणावर अडकते. मागच्या पेशी तिच्यावर येऊन थांबतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. हाड, छाती, पोट, जिथे असे घडेल तिथे असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून डोळे पिवळे दिसतात आणि रक्त कायम कमी भरते.

सेकंदांची शर्यत

मग सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त दर मिनिटाला का अडत नाही? कारण काड्या बनायला थोडा वेळ लागतो. पेशी केशवाहिनीत शिरली, प्राणवायू सोडला, आणि काड्या बनायच्या आत बाहेर पडून फुप्फुसाकडे निघाली, तर फुप्फुसात प्राणवायू मिळताच ती पुन्हा सुखरूप होते. बहुतेक पेशी ही शर्यत रोज जिंकतात. हरतात त्या दोन कारणांनी. एक, पेशी वाटेत रेंगाळते. दुसरे, काड्या लवकर बनतात.

थंडीने नळ्या आवळल्या की पेशी रेंगाळतात. ताप आला, जंतुसंसर्ग झाला की पेशी नळीच्या भिंतीला जास्त चिकटतात आणि पुन्हा रेंगाळतात. आणि अंगातले पाणी कमी झाले की पेशीच्या आतलेही पाणी घटते, हिमोग्लोबिन दाट होते. ते थोडेसे दाट झाले तरी काड्या बनायचा वेळ अनेक पटींनी कमी होतो. पाण्याचे महत्त्व इथे आहे. उलट्या, जुलाब, उन्हातली मजुरी, उपास, प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळणे, हे सगळे त्या शर्यतीत पेशीला मागे ओढते.

नियमातून निघालेली काळजी

एवढे समजले की डॉक्टरांच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

पाणी: मोठ्या रुग्णाने दिवसाला साधारण तीन ते चार लिटर पाणी घ्यावे. मुलांचे प्रमाण वजनावर असते, ते डॉक्टरांना विचारावे. या आजारात मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. त्यामुळे मुलाला वारंवार लघवी होते, रात्री अंथरूण ओले होते. त्यासाठी मुलाला मारू नका आणि पाणीही तोडू नका. शाळेत जाऊन मास्तरांना सांगा: वर्गात पाण्याची बाटली आणि मागेल तेव्हा बाहेर जायची परवानगी हवी.

ऊब: थंडीत मोजे, कानटोपी, स्वेटर. आंघोळ कोमट पाण्याने. पावसात भिजले तर लगेच कपडे बदला. दुखत्या भागावर बर्फ लावू नका, शेक द्या.

ताप: १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी वाट पाहू नका. पोटातल्या पानथरीतून रक्त फार संथ जाते, म्हणून ती लहानपणीच निकामी होऊ लागते आणि जंतूंशी लढायची ताकद घटते. या मुलांचे लसीकरण पूर्ण असलेच पाहिजे.

औषध: हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने पेशीत बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढते. ते काड्यांत सामील होत नाही, त्यामुळे काड्या उशिरा बनतात आणि शर्यत जिंकता येते. ही गोळी रोज घ्यायची असते, दुखल्यावर नाही. अधूनमधून रक्त तपासून डॉक्टरच मात्रा ठरवतात. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे. फॉलिक अॅसिड बहुतेकांना देतात. मात्र 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. इथे रक्त लोह कमी पडल्यामुळे घटलेले नसते.

'बाटली चढवा' म्हणण्याआधी

हिमोग्लोबिन सात-आठ दिसले की नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, "साहेब, रक्ताची बाटली लावा." डॉक्टर नाही म्हणाले की वाटते, गरिबाकडे दुर्लक्ष करतात. पोआझयचा नियम आठवा. पेशी वाढल्या की रक्त घट्ट होते, घट्ट रक्त हळू वाहते. कडक पेशी असलेल्या रक्ताला हा घट्टपणा जास्तच जाचतो. म्हणून रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन तेवढेच असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर केवळ आकडा वाढवायला रक्त देत नाहीत. हिमोग्लोबिन एकदम घसरले, छातीत त्रास झाला, मेंदूवर परिणाम झाला, तर मात्र तेच रक्त जीव वाचवते. म्हणून रुग्णाचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.

काही मुलांत मेंदूकडे जाणारी मोठी धमनीही अरुंद होत जाते. बागेला पाणी देताना पाइपाच्या तोंडावर बोट ठेवले की धार वेगाने निघते. अरुंद धमनीतही रक्ताचा वेग वाढतो. डोक्याच्या डॉप्लर सोनोग्राफीत हा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर लकव्याचा मोठा धोका समजतात आणि तो येण्याआधीच उपचार सुरू करता येतात. दोन वर्षांवरील एसएस मुलांसाठी ही तपासणी कुठे होते, हे जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जरूर विचारा.

या लक्षणांत क्षणभरही थांबू नका: छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, मूल एकाएकी पांढरे पडून पोटाची डावी बाजू फुगणे, लिंगाला तासन्‌तास दुखरा ताठरपणा येणे. मुले शेवटचे लक्षण लाजून लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

हा कोणाच्या जातीचा रोग नाही

विदर्भातल्या बौद्ध समाजात, गोंड-माडिया आदिवासींत, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरांत आणि काही ओबीसी समाजांतही सिकलसेल आढळतो. त्यावरून 'त्या लोकांचा रोग' असे कुजबुजणारे आहेत. विज्ञान काय सांगते? हाच दोष आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवले की ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण मिळतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकला. यात पाप नाही, पूर्वजन्म नाही, कोणाचा शाप नाही.

मात्र एका लहान गटातच लग्ने होत राहिली की दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढते. जातीतल्या जातीत लग्न हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले. त्या बंदिस्तपणाची किंमत आपण रक्तातूनही मोजतो आहोत.

हिशेब सोपा आहे. एकाच बाजूने दोष आला तर माणूस वाहक, म्हणजे एएस. दोन्ही बाजूंनी आला तर रुग्ण, म्हणजे एसएस. वाहक सहसा निरोगी जगतो आणि पुढे कधी रुग्ण होत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी मुलाची. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. फासा दर वेळी नव्याने पडतो. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल एसएस होत नाही. मात्र थॅलेसेमियाचा वाहकही जोडीदार म्हणून धोक्याचा, म्हणून तपासणीत तेही पाहावे. दोघे वाहक असतील आणि दिवस गेले असतील, तर पहिल्या तीन महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी लवकर नाव नोंदवावे.

तपासणी साधी आहे. आधी बोटातल्या थेंबाची सोल्युबिलिटी टेस्ट, आणि ती होकारार्थी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पहिल्या चाचणीत दोष आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे दुसरीतच कळते. म्हणून पहिल्यावर थांबू नका. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तो आपला हक्क आहे.

लग्न जुळवताना आपण शिक्षण विचारतो, नोकरी विचारतो, शेती किती ते विचारतो. त्याच बैठकीत मुलाच्या आणि मुलीच्या रक्ताचा अहवाल समोर ठेवायला लाज कसली? मात्र दोघांचाही ठेवा. वाहक निघाली म्हणून मुलीला नाकारायचे आणि मुलाची तपासणीच करायची नाही, हा न्याय नव्हे.

आणि आज रात्री घरातले लेकरू "पाय दुखून राह्यले" म्हणत उठून बसले, तर आधी त्याला पोटभर पाणी पाजा, पायांवर गोधडी घाला, दुखऱ्या भागाला शेक द्या. सकाळ झाली की शाळेआधी दवाखाना गाठा आणि तिथे नेमके हेच विचारा, "डॉक्टरसाहेब, याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"